मोजून-मापून, पण समाधानाने
(मूत्रपिंडाच्या दीर्घ दुखण्याविषयी अभ्यासपाठ)

हैदराबादेत नल्लकुंटा येथे तापाच्या रोग्यांचा मोठा सरकारी दवाखाना आहे. त्याला सर रोनाल्ड रॉस यांचे नाव दिलेले आहे. पण जुनी माणसे अजून 'कोरंटी दवाखाना' असेच म्हणतात. साथीच्या तापाचा एक स्वभाव असतो. तो येतो, काही दिवस माणसाला झुंजवतो, आणि मग एक तर माणूस बरा होऊन घरी येतो, नाही तर आपण त्याला मूठमाती देतो. आजाऱ्यांच्या भेटीस जाण्याची आम्हां मंडळीतील लोकांची रीत अशाच दुखण्यांवर बेतलेली होती. फळे न्यावीत, प्रार्थना करावी, 'लवकर बरे व्हा' म्हणावे आणि निघावे.

नल्लकुंट्यातच राहणाऱ्या एका बंधूंच्या घरी ही रीत अपुरी पडली. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती व आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होते. आम्ही शहाळी, मोसंबी व केळी घेऊन गेलो. वहिनींनी पिशवी हसून आत नेली. निघताना मात्र दाराशी येऊन हळूच म्हणाल्या, "रागावू नका, पण यातले त्यांना काहीच चालत नाही. आणि 'लवकर बरे व्हा' एवढे म्हणत जाऊ नका. तुम्ही गेल्यावर ते कितीतरी वेळ बोलत नाहीत."

आम्हांला फार ओशाळल्यासारखे झाले. त्यानंतर आम्ही जे शिकलो ते या पाठात मांडीत आहोत.

१. दुखण्याची ओळख

कण्याच्या दोन्ही बाजूंस मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्या रक्तातील घाण व जास्तीचे पाणी लघवीवाटे बाहेर टाकतात. शिवाय रक्तदाब सांभाळणे व नवे रक्त तयार होण्यास मदत करणे, हीही मूत्रपिंडांचीच कामे. हा बिघाड तीन महिन्यांहून अधिक टिकला म्हणजे त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. मधुमेह व वाढलेला रक्तदाब ही त्याची मुख्य कारणे होत.

हा विकार बराच वाढेपर्यंत कळत नाही. म्हणून ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. नासलेल्या गाळण्या परत येत नाहीत, पण उरलेल्या जपता येतात. विकाराच्या पाच पायऱ्या मानतात, आणि बहुतेक रोगी शेवटच्या पायरीपर्यंत जात नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

२. रोजचे माप

मीठ : दिवसभराचे सर्व मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नव्हे. आपण वरून मीठ घेत नाही एवढ्याने भागत नाही. आवकाया, पापड, फरसाण यांतून ते पोटात जातेच. बाजारातील 'कमी सोडियम'च्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. तेही विचारल्याशिवाय वापरू नये.

पाणी : 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला सर्वांना लागू पडत नाही. डायलिसिसवरील रोग्याला साधारणपणे आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढे व वर अर्धा लिटर, असे माप देतात. त्यात चहा, ताक व पातळ वरणही धरायचे. रोज सकाळी वजन केले की माप चुकले का ते कळते. हैदराबादच्या एप्रिल-मे महिन्यांत हे सर्वांत कठीण जाते. अशा वेळी चूळ भरावी, बर्फाचा लहानसा खडा चघळावा, मोठ्या पेल्याऐवजी लहान कप वापरावा.

फळे व भाज्या : शहाळे, केळे, मोसंबे, टोमॅटो व सुका मेवा यांत पोटॅशियम पुष्कळ असते. ते रक्तात फार वाढले तर हृदय थांबू शकते. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळावी व ते पाणी फेकून द्यावे म्हणजे ते कमी होते. हे पथ्य मात्र प्रत्येक रोग्याला नसते. रक्ताची तपासणी पाहून डॉक्टर सांगतील तेच खरे.

औषधे : गुडघेदुखीच्या व अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत. त्यांनी उरलेल्या गाळण्याही जातात. शिसे, पारा असलेल्या भस्मांचेही तसेच.

हात : डायलिसिससाठी ज्या हाताची शीर जोडलेली असते, त्या हाताने जड ओझे उचलू नये व त्यावर रक्तदाब मोजू देऊ नये. तेथील थरथर रोज बोटांनी पाहावी. ती थांबली तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

३. मनाचे ओझे

जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत मूत्रपिंडांसाठी असलेला शब्द माणसाच्या अगदी आतल्या मनासाठीही येतो. आपल्या मराठी शास्त्रात तेथे 'अंतर्याम' आहे (स्तोत्र १६:७ पाहा). या दुखण्यात अंतर्यामच आधी थकते. आमच्या बंधूंनी मध्यंतरी डायलिसिसच्या दोन खेपा चुकवल्या. कारण पथ्याचे नव्हते. मुलाला दर खेपेस कामावरून रजा घ्यावी लागे. "माझ्यापायी त्याची नोकरी जायची," असे ते म्हणाले.

तेव्हा मंडळीतील सहा जणांनी पाळी वाटून घेतली. कोणी रिक्षातून नेतो, कोणी चार तास बसतो, कोणी परत आणतो. डायलिसिसचे दिवस सोम, बुध, शुक्र. रविवार मोकळा असतो, म्हणून मोठ्या मुलांचा शब्बाथशाळेचा वर्ग पुन्हा त्यांच्याकडे दिला. काही रविवारी थकवा असतो. मग एखादा विद्यार्थी वाचतो व ते खुर्चीत बसून ऐकतात. दुखणे बरे झालेले नाही, पण खेप आता चुकत नाही.

जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे १९७५ साली अटकेनंतर निकामी झाली. डायलिसिसवर असतानाच त्यांनी १९७७ च्या निवडणुकीत सभा घेतल्या, आणि ८ ऑक्टोबर १९७९ पर्यंत ते जगले. आज सोयी अधिक आहेत. २००७ साली सुरू झालेल्या आरोग्यश्री योजनेतून तेलंगणात पात्र कुटुंबांना डायलिसिस मोफत मिळते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली जिवंत दात्याचे मूत्रपिंड रोग्यास यशस्वीपणे बसवण्यात आले. तेव्हापासून हा मार्गही आपल्या देशात रुळला आहे. मृत्यूनंतरच्या अवयवदानासाठी तेलंगणात 'जीवनदान' ही सरकारी व्यवस्था आहे. ही माहिती घरोघर पोचवणे हीसुद्धा सेवाच आहे.

आता आम्ही त्या घरी जातो तेव्हा पिशवी नेत नाही. 'लवकर बरे व्हा' असेही म्हणत नाही. "आजचा दिवस कसा आहे?" एवढेच विचारतो, आणि उत्तर ऐकण्यापुरते बसतो.

वर्गासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत दीर्घ दुखण्याचे कोण कोण आहेत? त्यांना काय चालते व काय चालत नाही, हे आपण कधी विचारले आहे काय?
२. प्रीतिभोजनात एक पदार्थ कमी मिठाचा ठेवता येईल काय?
३. आठवड्यातील कोणते चार तास मी दुसऱ्यासाठी देऊ शकतो?