कतञ्ञू आणि कतवेदी : लोकसेवेच्या ऋणाचा एक पाठ

२२ मार्च २०२० ची सायंकाळ आपल्यापैकी बहुतेकांच्या स्मरणात असेल. पाच वाजता देशभर खिडक्यांतून, गच्च्यांवरून आणि अंगणांतून टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. कोरोनाच्या साथीत जीव धोक्यात घालून राबणारे डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार, पोलीस यांच्याविषयीची ती कृतज्ञता होती. बरोबर एक महिन्याने, २२ एप्रिल २०२० रोजी, केंद्र सरकारला एक अध्यादेश काढावा लागला. आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यास तीन महिने ते पाच वर्षे आणि गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कारावास, अशी तरतूद त्यात होती. कारण तपासणीसाठी वस्तीत गेलेल्या आरोग्यसेवकांवर काही ठिकाणी दगड पडले होते. रुग्णालयातून दमून परतणाऱ्या परिचारिकांना काही घरमालकांनी खोली रिकामी करायला सांगितले होते.

थाळी वाजवणारे हात आणि दगड मारणारे हात एकच होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु टाळ्यांचा कडकडाट ते शिक्षेचा कायदा हा प्रवास अवघ्या एका महिन्यात घडला, हे सत्य आहे. मग त्या सायंकाळच्या कृतज्ञतेत उणे काय होते? प्रस्तुत लेखात या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

अध्यादेशाने ज्या कायद्यात दुरुस्ती केली, तो साथरोग कायदा १८९७ सालचा. मुंबई इलाख्यातील प्लेगच्या साथीत तो जन्मला. त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि त्यांचे निधन झाले. लोकांच्या सेवेचे मोल कधी कधी प्राणांनी चुकवावे लागते, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. नवी शिकायची आहे ती त्या ऋणाची जाण.

१. शब्दातच दडलेला क्रम

पाली वाङ्मयात कृतज्ञ मनुष्यासाठी दोन शब्द जोडीने येतात : कतञ्ञू आणि कतवेदी. कत म्हणजे केलेले. आपल्यासाठी जे केले गेले ते जाणतो, तो कतञ्ञू. ते जाणल्याचे आपल्या वागण्यातून प्रकट करतो, तो कतवेदी. अंगुत्तर निकायाच्या दुकनिपातात तथागतांनी जगात दुर्लभ अशा दोन प्रकारच्या व्यक्ती सांगितल्या आहेत : आपण होऊन प्रथम उपकार करणारी, आणि कतञ्ञू-कतवेदी असणारी.

या जोडीतील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी जाणणे, मग प्रकट करणे. जाणणे वगळून केवळ प्रकट केले की त्याची थाळी होते. ती पाच मिनिटे वाजते आणि फडताळात परत जाते. त्या सायंकाळी प्रकटीकरण भरपूर होते. उणी होती ती जाण : हे लोक नेमके काय करतात, कोणत्या परिस्थितीत करतात आणि त्यांना त्याचे काय मिळते, याची.

२. जाणणे : आशाताईचे बेचाळीस दिवस

एक उदाहरण घेऊ. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले. साधारण हजार लोकवस्तीमागे त्याच गावातील एक स्त्री ‘आशा’ म्हणून निवडण्यात आली. गावात आपण तिला आशाताई म्हणतो. ती काय करते, असे विचारले तर बहुतेक जण ‘औषधगोळ्या देते, गरोदर बायांना दवाखान्यात नेते’ एवढेच सांगतील.

आता नवजात बाळासाठीच्या तिच्या कामाचे वेळापत्रक पाहा. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या मातेच्या घरी तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावयाचे असते. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. प्रत्येक भेटीत बाळाचे वजन करावयाचे, अंगाचे तापमान पाहावयाचे, ते नीट दूध ओढते की नाही ते पाहावयाचे, नाळ पिकली आहे का, श्वास जलद आहे का, हे तपासून नोंदवावयाचे, आणि धोक्याचे लक्षण दिसताच दवाखान्याची वाट धरावयाची.

या कामामागे आपल्याच महाराष्ट्राचा अनुभव आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातीलच स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले. तेथील नवजात बालमृत्यूचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०११ मध्ये हीच पद्धत आशाताईंच्या मार्फत देशभर नेण्यात आली.

या सर्व भेटी पूर्ण केल्यावर, योजना सुरू झाली तेव्हा, आशाताईला एका बाळामागे २५० रुपये मोबदला ठरला होता. तिला पगार नाही. कामागणिक मोबदला आणि मानधन आहे. सरकारच्या लेखी ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरव केला. गौरवाचा तो क्षण खराच अभिमानाचा होता. परंतु त्यानंतरही महाराष्ट्रातील आशाताईंना मानधनवाढीसाठी संपावर जावे लागले.

हे सारे ठाऊक असलेला मनुष्य आणि ठाऊक नसलेला मनुष्य दोघेही आशाताईला ‘धन्यवाद’ म्हणू शकतात. पण ती रस्त्यावर बसते तेव्हा ‘या बायकांना आणखी काय हवे?’ असे पहिला म्हणणार नाही.

३. जे घडले नाही, त्याचे ऋण

लोकसेवेची जाण अवघड होण्याचे आणखी एक कारण आहे. या कामाचे यश डोळ्यांना दिसत नाही. पूल बांधला तर पूल दिसतो. साथ आलीच नाही, तर काय दाखवणार?

पोलिओचे उदाहरण पाहा. २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण आढळले होते. २०१० मध्ये ४२. २०११ मध्ये एकच, १३ जानेवारी रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळलेली एक बालिका. त्यानंतर निसर्गतः पसरणाऱ्या या विषाणूचा एकही रुग्ण देशात आढळला नाही, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

हे आकडे खाली आणणारे हात कोणाचे? अंगणवाडी ताई, परिचारिका, आरोग्यसेवक आणि गावोगावचे स्वयंसेवक. बर्फाची पेटी खांद्याला अडकवून ते दारोदार फिरले. डोस दिलेल्या बाळाच्या करंगळीला शाईची खूण केली, घराच्या भिंतीवर खडूने नोंद केली, आणि बाळ बाहेरगावी गेलेले घर दिसले की तेथे पुन्हा गेले. आज आपल्या शाळेच्या मैदानावर धावणाऱ्या मुलांपैकी कोणाचे पाय त्या दोन थेंबांनी वाचले, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणूनच कोणी त्या ताईकडे जाऊन आभार मानत नाही. न घडलेल्या दुःखाचे ऋण केवळ ज्ञानानेच कळते.

४. स्तुतीचा धोका

२७ मार्च २०१४ हीच तारीख आणखी एका कारणाने लक्षात ठेवावी. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने सफाई कामगारांच्या संदर्भात एक महत्त्वाचा निकाल दिला : १९९३ पासून गटारात आणि सेप्टिक टाकीत उतरून मृत्यू पावलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबास दहा लाख रुपये भरपाई द्यावी. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ही रक्कम तीस लाखांवर नेली. एकाच दिवशी एका सार्वजनिक सेवेच्या यशाचे प्रमाणपत्र मिळाले आणि दुसऱ्या सेवेतील मृत्यूंची किंमत ठरवावी लागली.

या मृत्यूंचे कारण साधे आणि भयंकर आहे. बंद गटारात हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. थोडा असेल तेव्हा त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. प्रमाण वाढले की तो घ्राणेंद्रियच बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणून ‘आता ठीक आहे’ असे वाटते, आणि त्याच क्षणी मृत्यू समोर असतो. आत पडलेल्याला वाचवण्यासाठी दुसरा उतरतो, आणि तोही परत येत नाही.

येथे आपल्या समाजाने विशेष सावध राहावे. हे काम कोणी करावे, हे आपल्या देशात शतकानुशतके जातीने ठरवले. अशा कामाला ‘पवित्र सेवा’ म्हणून गौरवणे आणि ते त्याच माणसांकडे ठेवणे, यातील कावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखला होता. काँग्रेस आणि गांधीजींच्या अस्पृश्यविषयक कार्याची परखड समीक्षा करणाऱ्या १९४५ सालच्या ग्रंथात त्यांनी सफाईच्या कामाच्या या उदात्तीकरणावर कठोर प्रहार केला आहे. ज्याला त्या कामातून बाहेर पडायचे आहे, त्याला ‘तुझे काम किती थोर’ असे सांगणे ही कृतज्ञता नव्हे.

थेरगाथेतील सुनीत थेरांची कथा आपल्याला परिचित आहे. सुनीत हे नीच मानलेल्या कुळात जन्मले, वाळलेली फुले आणि कचरा झाडून पोट भरत. तथागतांनी त्यांच्या झाडूची स्तुती केली नाही. त्यांना संघात घेतले, बरोबरीचे स्थान दिले. आदर माणसाचा करावा आणि त्याच्या अवमानाची परिस्थिती बदलावी, हा बोध या कथेतून घेता येतो.

या निवासी शाळेसारख्या शाळेत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. सफाई कामगार, आशाताई, एस. टी.चे वाहक, वायरमन, शिपाई, दवाखान्यातील आया यांची मुले अशाच शाळांच्या वर्गांत बसतात, आणि त्यांच्याच शेजारी बसून ‘अभ्यास केला नाहीस तर झाडू मारत बसशील’ हे वाक्य ऐकतात. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ज्या मुलाची आई पहाटे पाच वाजता झाडू घेऊन रस्त्यावर उभी असते, ते मूल त्या क्षणी खाली मान घालते. आईने ज्या कमाईतून त्याला येथे पाठवले, त्या कमाईचीच त्याला लाज वाटू लागते. मुलाने ते काम करू नये, अशी इच्छा बाळगणे रास्त आहे. त्या आईचीही तीच इच्छा असते. परंतु त्यासाठी आईला धाकाची बाहुली करण्याचे कारण नाही.

५. कतवेदी : प्रकट कसे करावे

जाण आली की प्रकटीकरणाचे मार्ग आपोआप दिसू लागतात. त्यांतील काही येथे नमूद करतो.

पहिला, नाव विचारावे. ‘कचरेवाला आला’ यात माणूस दिसत नाही. घंटागाडीवर रोज येणाऱ्याला दादा किंवा मावशी म्हणावे, नाव माहीत करून घ्यावे.

दुसरा, त्यांचे ओझे कमी करावे. ओला आणि सुका कचरा वेगळा द्यावा, फुटकी काच आणि दाढीचे पाते कागदात गुंडाळून वेगळे द्यावे, वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात बांधून त्यावर खूण करावी. आपली ही दोन मिनिटे म्हणजे कोणाच्या तरी हातावरची न झालेली जखम.

तिसरा, चांगले काम लेखी कळवावे. आपली तक्रार लेखी जाते आणि प्रशंसा मात्र तोंडी राहते. बाळंतपणात रात्रभर जागलेली परिचारिका, वादळात खांबावर चढलेला वायरमन, मुलीची पर्स परत करणारा एस. टी. वाहक, यांच्या वरिष्ठांना तारीख, ठिकाण आणि घटना लिहून चार ओळींचे पत्र पाठवावे. बदलीच्या आणि बढतीच्या वेळी कागद बोलतो.

चौथा मार्ग आमच्या माजी विद्यार्थ्यांसाठी. आज आपल्यापैकी अनेक जण गृहनिर्माण संस्थांचे सचिव आहेत, ठेकेदार आहेत, नगरपरिषदांत अधिकारी आहेत. संरक्षक साधनांविना माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे; पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. टाकी तुंबली की स्वस्तात उतरणारा माणूस शोधू नये, यंत्राची गाडी बोलवावी. खर्चाचा तो फरक म्हणजे आपल्या कृतज्ञतेची खरी किंमत.

पाचवा, ते हक्क मागतात तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहावे. पुरस्काराच्या दिवशी टाळ्या वाजवणे सोपे असते. संपाच्या दिवशी आपली गैरसोय सोसून ‘त्यांची मागणी न्याय्य आहे’ असे म्हणणे कठीण. कतवेदी कोण, हे त्या दिवशी कळते.

स्वाध्याय

विद्यार्थ्यांनी पालकांसह पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

१. काल सकाळपासून रात्रीपर्यंत आपल्यापर्यंत पाणी, वीज, रस्ता, औषध आणि पत्र पोहोचवणाऱ्या किती लोकसेवकांचे काम आपण वापरले, याची यादी करावी. त्यांतील किती जणांची नावे ठाऊक आहेत, ते पुढे लिहावे.

२. यादीतील एका व्यक्तीला तिच्या सवडीने भेटून तिचा एक दिवस समजून घ्यावा : कामाची वेळ, साधने, जोखीम, मिळणारा मोबदला. स्तुती करू नये, प्रश्न विचारावेत आणि ऐकावे.

३. जे ऐकले त्यावरून एक पत्र लिहावे. ते त्या व्यक्तीला वाचून दाखवावे आणि तिची संमती असेल तर तिच्या कार्यालयास पाठवावे.

४. ज्यांचे आईवडील स्वतः अशा सेवेत आहेत, त्यांनी ही भेट घरीच घ्यावी. अनेकांना आपल्या आईच्या कामाचे तास प्रथमच मोजावे लागतील.