झपाट्याने चेपणाऱ्या वस्तूचे क्ष-किरण चित्र

पुणतांबा स्थानकावरून न थांबता जाणारी गाडी ताशी ९० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर ती सेकंदाला २५ मीटर पुढे सरकते. कॅमेऱ्याची झडप एक-पंचविसांश सेकंद उघडी राहिली, तर तेवढ्यात गाडी एक मीटर पुढे गेलेली असते आणि डब्यावरील अक्षरे पुसट येतात.

आता स्फोटकाने वेढलेला धातूचा गोळा घ्या. स्फोट होताच त्याचा पृष्ठभाग सेकंदाला काही किलोमीटर वेगाने आत दाबला जातो. पाच किलोमीटर धरले, तरी सेकंदाच्या दशलक्षांश भागात तो ५ मिलिमीटर सरकतो. शिवाय तापलेले वायू आणि धूर यांनी साधा प्रकाश अडतो. त्यामुळे रोंटगेन यांनी १८९५ मध्ये शोधलेल्या क्ष-किरणांवाचून इलाज नाही. येथे झडप नसतेच. किरणांचा झोतच अल्पजीवी ठेवावा लागतो. तो ५० नॅनोसेकंद टिकला, तर कडा पाव मिलिमीटर पुसट होते.

पाव मिलिमीटर किरकोळ वाटेल. पण तसे नाही. गोळ्याची त्रिज्या २५ मिलिमीटर असेल, तर ही चूक १ टक्का झाली. घनफळ त्रिज्येच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून घनतेतील चूक सुमारे ३ टक्के होते. आणि धातू किती दाटला, हेच तर मोजायचे असते. शाळेत घनफळाचे सूत्र शिकवताना याहून बोलके उदाहरण मला तरी आढळलेले नाही.

असा झोत मिळवण्यासाठी एर्विन मार्क्स यांची १९२४ ची युक्ती आजही वापरतात. अनेक धारित्रे समांतर जोडून भारित करायची आणि क्षणात एकसर जोडून रिकामी करायची. प्रत्येकी ५० हजार व्होल्टची दहा धारित्रे अशा रीतीने सुमारे ५ लाख व्होल्ट देतात. त्या दाबाने वेग घेतलेले इलेक्ट्रॉन जड धातूवर आदळले की क्ष-किरण निघतात. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील ‘काली’, म्हणजे किलो अँपिअर लिनियर इंजेक्टर, हे याच जातीचे यंत्र. वृत्तपत्रांनी त्याला क्षेपणास्त्रे जाळणारे अस्त्र ठरवले. प्रत्यक्षात तो इलेक्ट्रॉनांचा त्वरक आहे आणि क्ष-किरणांचा क्षणिक झोत देणे हा त्याचा एक उपयोग.

स्फोटात गोळा नष्ट होतो, म्हणून संधी एकदाच मिळते. एका बाजूने घेतलेल्या चित्रात दुसऱ्या बाजूचा वाकडेपणा लपू शकतो. अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे त्यासाठी असे दोन त्वरक परस्परांशी काटकोनात बसवले आहेत.