प्रथिनाला वाट कशी सापडते?

स्वादुपिंडातील पेशी इन्सुलिन हे प्रथिन आपल्या आत तयार करते. ते लागते मात्र रक्तात. मग पटल ओलांडून ते बाहेर कसे पडते?

प्रथिन प्रथम आंतर्द्रव्यजालिकेत शिरते. जालिकेच्या पटलाला फुगवटा येतो व तो तुटून इवलीशी पिशवी बनते. हीच पुटिका. ती आपला माल गॉल्जी पिंडाकडे पोहोचवते. तेथून निघालेल्या पुटिका तो पेशीच्या सीमेवर नेतात.

या वाहतुकीचे नियंत्रण शोधण्यासाठी रँडी शेकमन व पीटर नोविक यांनी यीस्ट निवडले. त्यांच्या काही उत्परिवर्तित पेशी २५ अंश सेल्सिअसला वाढत. ३७ अंशांवर मात्र वाहतूक थांबे. प्रथिने बनत राहत, पण पेशी मोठी होत नसे. साहजिकच तिची घनता वाढे. या घनतेवरूनच अशा पेशी वेगळ्या काढल्या गेल्या आणि १९८० पर्यंत २३ जनुके हाती लागली.

पुटिका योग्य पटलालाच का मिळते? जेम्स रॉथमन यांनी दाखवले, की पुटिकेवरील व पटलावरील प्रथिने एकमेकांत पिळली जाऊन दोन्ही पटले जवळ खेचतात. जोडी जुळली, तरच पटले एकरूप होतात. बोट्युलिनम विष नेमकी हीच प्रथिने तोडते. मग चेतापेशींचा संदेश स्नायूंना मिळत नाही व श्वासही बंद पडू शकतो. शेकमन, रॉथमन व थॉमस झ्यूडहोफ यांना २०१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता सांगा: एकाच पेशीत पहिल्या व शेवटच्या टप्प्याचे जनुक बिघडले, तर माल कोठे साचेल?