चिकित्सालयातील नोंदवही आणि उपयोजित संशोधन

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा वर्णिली आहे. आपण ज्यास अनुभव म्हणतो, तो बहुधा पुन्हा आलेल्या रुग्णांचा अनुभव असतो. जो परत आला नाही, तो बरा झाला की अन्यत्र गेला, हे ठाऊक नसता ‘गुण आला’ असे मानणे हे सदोष अनुमान होय.

कोकणातील उदाहरण

रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या काटेकोर नोंदी ठेवून प्राझोसिनची उपयुक्तता दाखविली. पुढे प्रतिविष जोडल्याने अधिक लाभ होतो का, हे तपासणारा त्यांचा अभ्यास २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. ७० रुग्णांचे दोन समान गट करण्यात आले; कोणास कोणता उपचार, हे वैद्याच्या निवडीवर ठेवले नव्हते. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण असे : प्राझोसिन व प्रतिविष, ३५ पैकी ३२, केवळ प्राझोसिन, ३५ पैकी ८. दुसरा गट नसता तर ३२ रुग्णांचे संपूर्ण श्रेय प्रतिविषास गेले असते. तुलनेमुळे कळते की अधिकचा लाभ सुमारे २४ रुग्णांचा आहे.

आपल्यासाठी कार्यपद्धती

१. प्रश्न एकच व मोजता येण्याजोगा असावा. उदा. संधिवातात अमुक कल्पाने सहा आठवड्यांत वेदना निम्मी होते का?

२. उपचारापूर्वीच वय, व्याधिकाल, प्रकृती, चालू असलेली अन्य औषधे व ० ते १० या मापात वेदना लिहावी.

३. औषधविक्रेत्यांनी उत्पादक व बॅच क्रमांक नोंदवावा. त्याविना अपयश कल्पाचे की त्या बॅचचे, हे ठरत नाही.

४. भागाकार आरंभीच्या सर्व रुग्णसंख्येने करावा. समजा, ४० रुग्णांस औषध दिले, २४ परत आले व १८ बरे झाले. २४ ने भागल्यास यश ७५ टक्के दिसते. ४० ने भागल्यास ४५ टक्केच सिद्ध होते. न आलेले सर्व १६ बरे झाले असे धरले, तरच ते ८५ टक्के ठरेल. ही दरी दूरध्वनीवरील विचारपूस केल्यानेच भरून निघते.

५. रुग्णाची संमती घ्यावी व नाव गुप्त राखावे. उपचारांचा तुलनात्मक प्रयोग करावयाचा असल्यास नीतिसमितीची मान्यता आणि ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ येथे पूर्वनोंदणी आवश्यक आहे.

उपसंहार

मिठबावसारख्या किनारी गावात रुग्ण प्रथम जवळच्या वैद्याकडे येतो. त्यास आपल्याकडे ठेवावे की वेळीच तालुक्याच्या रुग्णालयी धाडावे, हा निर्णय ७५ टक्क्यांच्या भ्रमावर घेतल्यास त्याचे मोल रुग्णास द्यावे लागते. वैद्यबंधु-भगिनींनी येत्या तिमाहीत एक व्याधी निवडून पहिले ४० रुग्ण ओळीने, एकही न वगळता, नोंदवावेत. लोकसेवेतील संशोधनाचा आरंभ एवढ्यानेही होतो.