मुळांचीं दारें

पावसाळ्यांत एक गोष्ट पुष्कळांनीं पाहिली असेल. चार दिवस झड लागून शेतांत पाणी सांचतें, आणि तुरीचीं किंवा वांग्याचीं रोपें पाण्यांत उभीं असूनहि माना टाकतात. आम्हींहि एकदां शाळेच्या बागेंत हें पाहिलें, आणि रोपें तहानलीं आहेत अशा समजुतीनें त्यांस आणखी दोन घागरी पाणी घातलें! थोड्याच दिवसांत वाफा रिकामा झाला. पाण्यांत उभ्या असलेल्या रोपास पाणी कां मिळूं नये, याचा आज आपण विचार करूं.

जमिनींतील पाणी मुळांवरील सूक्ष्म केसांवाटे आंत येतें, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. कांहीं अंतर तें पेशींच्या भिंतींतून झिरपत जातें. परंतु मुळाच्या गाभ्याभोंवतीं पाणी अडविणारी एक पट्टी असते. तेथून पुढें पेशींच्या पातळ पडद्यांतूनच गेलें पाहिजे. हा पडदा स्निग्ध. त्यांतून पाणी फार सावकाश जातें. मग तें त्वरेनें आंत शिरतें कसें?

याचें उत्तर प्रथम झाडांत नव्हे, तर रक्तांत सांपडलें. १९९२ सालीं अमेरिकेंतील पीटर ॲग्रे व त्यांचे सहकारी यांनीं तांबड्या रक्तपेशींतील एक प्रथिन बेडकाच्या अंड्यांत तयार करविलें. तीं अंडीं पातळ द्रावणांत ठेवितांच फुगून फुटलीं. तें प्रथिन म्हणजे पाण्याचें दारच होतें! या शोधाबद्दल ॲग्रे यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. अशा प्रथिनांस ‘ॲक्वापोरिन’ म्हणतात. १९९३ सालीं तीं वनस्पतींतहि आढळलीं.

हें कुल मोठें आहे. मनुष्यांत त्याचे १३ प्रकार, तर भातांत ३३ आणि मोहरीच्या वर्गांतील ॲरॅबिडॉप्सिस या लहानशा रोपांत ३५ आढळतात. कांहीं पेशीच्या बाहेरील पडद्यांत असतात, तर कांहीं पेशींतील रसाच्या पिशवीच्या पडद्यांत. एका शाखेचा पहिला परिचय सोयाबीनच्या मुळांवरील गांठींत झाला. त्याच शाखेंतील एक दार भाताच्या मुळांत सिलिकाचा अंश आंत घेतें व त्यानें ताटें बळकट होतात, असें जपानी शास्त्रज्ञांनीं २००६ सालीं दाखविलें. दुर्दैवानें त्याच दारानें आर्सेनिकचें विषहि शिरतें. कुलांतील सर्व मंडळींचीं कामें मात्र अद्यापि निश्चित झालेलीं नाहींत.

आतां आपल्या रोपांकडे वळूं. मुळेंहि श्वास घेतात. माती पाण्यानें भरली कीं तिच्यांतील हवा निघून जाते, प्राणवायूविना पेशी गुदमरतात व त्यांच्या आंतील रस आम्ल होतो. ही आम्लता लागतांच बाहेरील पडद्यावरचीं दारें मिटतात, असें फ्रान्समधील संशोधकांनीं २००३ सालीं सिद्ध केलें. याप्रमाणें भोंवतीं पाणी असतां रोप तहानेनें कोमेजतें. भाताच्या मुळांत हवेच्या नळ्या असतात, म्हणून तो चिखलांतहि सुखानें वाढतो.

यांतून घेण्याजोगा धडा सोपा आहे. रोप कोमेजलेलें दिसतांच घागर उचलूं नये. प्रथम बोट मातींत खुपसून पाहावें. माती कोरडी असल्यास पाणी द्यावें. चिंब असल्यास चर काढून पाणी वाहून जाऊं द्यावें. कुंडीच्या तळाचें भोंक बुजलें असल्यास मोकळें करावें. पालकांनींहि पेरणीपूर्वींच शेताचा उतार पाहून चर आंखल्यास हातचें पीक वांचेल. आमच्या हातून गेलेलीं रोपें परत येणार नाहींत. पण त्यांनीं शिकविलेली गोष्ट आमच्या वाचकांच्या शेतांत उपयोगी पडली, तर त्यांचें मरण व्यर्थ गेलें असें आम्ही म्हणणार नाहीं.