मश्रूमसाठी भुसा कोणता घ्यायचा? हिंगोलीकरांसाठी सोपा हिशोब

धिंगरी मश्रूम सुरू करताय? मग स्पॉन मागवण्याआधी भुसा ठरवा.

आपल्याकडे सोयाबीनचं कुटार भरपूर. उत्पादन चांगलं देतं, पण बारीक असलं की पिशवीत दबतं, हवा खेळत नाही आणि हिरवी बुरशी धरते. त्यात गव्हाचं काड मिसळा. पऱ्हाटी चालते, पण 3 ते 5 सेंमी तुकडे करावे लागतात. तो खर्च धरा. वसमतकडे हळदीचा पाला फुकट मिळेल, पण त्यातलं तेल बुरशीला रोखतं, आणि मश्रूम ही बुरशीच! तो टाळा.

पावसात भिजून काळा पडलेला, कुबट वासाचा भुसा नको. शेवटची फवारणी कधी झाली, तेही विचारा.

भुसा रात्रभर भिजवा, 80 अंश गरम पाण्यात तासभर ठेवा, निथळू द्या. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, थेंब पडू नये.

लगेच ट्रॉलीभर घेऊ नका. प्रत्येक प्रकारच्या 5 पिशव्या भरा आणि निघालेल्या मश्रूमचं वजन लिहा. एक किलो मश्रूममागे भुसा, कुट्टी आणि वाहतुकीचा खर्च किती आला? ज्याचा आकडा कमी, तोच भुसा तुमचा!