आधी गल्ली चालून ये

चि. बाळास,


घरोघरी फायबर पोचवणाऱ्या कंपनीत आराखडे काढायचं काम तुला मिळालं आणि पहिल्याच महिन्यात ‘डिझाइनचा खर्च कमी करा’ असा हुकूम आला, हे ताईकडून कळलं. हुकूम रास्त आहे. कात्री कुठे लावायची ते मात्र नीट ठरव.

अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात गूगल फायबरने 2017 मध्ये सेवा सुरू केली. केबल टाकायला रस्त्यात जेमतेम 2 इंच खोल चर कापले. काम झटपट उरकलं, खोदाईचे पैसे वाचले. पुढे चरांवरचं भरण उखडलं, काही ठिकाणी केबल उघड्यावर आली. एप्रिल 2019 मध्ये कंपनीने तिथली सेवा बंद केली आणि रस्ते दुरुस्तीसाठी शहराला 38.4 लाख डॉलर देण्याचं मान्य केलं.

म्हणजे कात्री खोदाईला लावायची नाही; खरी उधळपट्टी ऑफिसातच असते. सर्व्हेवाला कागदावर खांब टिपतो, दुसरा तोच खांब कॅडमध्ये चढवतो, तिसरा त्यावरून केबलची लांबी काढून एक्सेलमध्ये सामानाची यादी करतो. एका खांबाची नोंद तीनदा, आणि चूक कुठे शिरली याचा पत्ता नाही. नकाशे बनवायचं क्यूजीआयएस आणि खुला नकाशा ओपनस्ट्रीटमॅप फुकट मिळतात. खांब मोबाइलवर जागेवरच एकदा नोंदवला, की नकाशा आणि यादी दोन्ही त्याच नोंदीतून निघतात. सोसायटी, बैठी घरं, वाडी यांचे ठरावीक नमुनेही एकदाच करून ठेवावेत.

आकडेमोडीतही वेळ वाचतो. जीपॉन या घरोघरच्या फायबरच्या पद्धतीत, बी-प्लस वर्गात प्रकाशाची घट 28 डेसिबलपर्यंत चालते. एका फायबरचा प्रकाश 32 वाटांत विभागणारा 1:32 चा स्प्लिटर साधारण 17 खातो, 5 किलोमीटर फायबर सुमारे 2, जोड आणि कनेक्टर धरून आणखी 2. झाले 21, हाताशी 7 उरले. हा हिशोब स्प्लिटरपासूनच्या सगळ्यात लांबच्या घराचा करावा. तिथे जमलं, तर त्याच स्प्लिटरवरची जवळची घरं एकेक करून तपासत बसायला नको.

पायी पाहणीला मात्र हात लावू नकोस. उपग्रहाच्या चित्रात एक पत्र्याचं छप्पर दिसतं. जिन्याखाली वाकून पाहिलं तर विजेचे नऊ मीटर. म्हणजे बहुधा नऊ बिऱ्हाडं, उद्याची नऊ कनेक्शनं. आराखड्यात तिथे एकच घर धरलं, तर स्प्लिटरची तोंडं कमी पडतात आणि पूर्ण झालेलं काम पुन्हा उघडावं लागतं. झाडाआड वाकलेला खांब, नुकताच काँक्रीट झालेला रस्ता, मध्ये आलेला नाला, हेही चालणाऱ्यालाच दिसतं.

साहेबांना हे आकड्यांनिशी सांग: एका वॉर्डाचं ड्रॉइंग आज किती तासांत होतं, एकदाच नोंद केली तर किती तासांत होईल. आणि सोमवारी साइटवर जाशील तेव्हा प्रत्येक जिन्याखालचे मीटर स्वतः मोजून ये.

तुझा,
मामा